अनंतापर्यंत मोजता येतं का, आणि मोजतं नक्की कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होतो, त्याआधी गणितात बी.एस्सी. केलेली. म्हणजे मोजणं हा पोटाचा धंदा आणि अनंत हा जुना नाद. त्यामुळे सोसायटीतली पोरं, त्यांचे आईबाप, सकाळी फिरायला येणारी मंडळी, सगळे फिरून फिरून अनंत आणि मोजणाऱ्याची जाणीव यांवरचे तेच प्रश्न विचारतात. दरवेळी उभ्याउभ्या सांगून गुडघे दुखायला लागले, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

थोडक्यात सांगा काका, अनंतापर्यंत मोजता येतं का?

नाही.

आणि याचं उत्तर प्रश्नातच लपलंय. अनंत म्हणजे ज्याला अंत नाही ते. आता "पर्यंत" हा शब्द फोडून बघा, परि अधिक अंत. म्हणजे त्यातही अंत बसलेलाच आहे. तर "अनंतापर्यंत मोजा" म्हणजे ज्याला शेवटच नाही त्याच्या शेवटाला पोचा. हे म्हणजे वांझेच्या पोराचं बारसं कधी असं विचारण्यासारखं झालं. अनंत हा काही लाख, कोटी, अब्ज यांच्या पुढे लांब कुठेतरी उभा असलेला आकडा नाही, तो रांगेतच नाही. रांग संपत नाही या गोष्टीला दिलेलं ते नाव आहे, एवढंच.

पण मी थांबलोच नाही तर? समजा अमरच झालो तर?

चांगला प्रश्न, बहुतेक जण इथेच घसरतात. अश्वत्थामा चिरंजीव आहे म्हणतात, बिचाऱ्याला दुसरं काही कामही नाही, तर त्याला बसवू मोजायला. एक, दोन, तीन, चालू दे. आता तुम्ही हजार वर्षांनी जाऊन विचारा, कितीवर आलास बाबा? तो एक आकडा सांगेल. लाख वर्षांनी विचारा, मोठा आकडा सांगेल, पण आकडाच सांगेल. कधीही जा, तो ठरावीक आकड्यावरच सापडणार आणि त्याच्यापुढे शिल्लक राहिलेले आकडे जेवढे पहिल्या दिवशी होते तेवढेच असणार, एकानेही कमी झालेले नसणार.

इथे एक बारीक गंमत आहे ती नीट बघा. "प्रत्येक आकडा कधी ना कधी येईल" हे खरं आहे. तुम्ही कुठलाही आकडा सांगा, अश्वत्थामा एक दिवस तिथे पोचतोच. पण "सगळे आकडे कधी ना कधी होतील" हे खोटं आहे, कारण तो दिवसच नाही. अॅरिस्टॉटलने फार पूर्वी हाच फरक केला होता, चालू राहू शकणारा अनंत वेगळा आणि पूर्ण होऊन समोर ठेवलेला अनंत वेगळा. अश्वत्थाम्याच्या हातात पहिला आहे, दुसरा नाही.

प्रत्यक्षात माणसाने कुठपर्यंत मोजलंय?

मोठ्याने, एकेक आकडा उच्चारून, दहा लाखापर्यंत. अमेरिकेत अलाबामामधल्या बर्मिंगहॅमचा जेरेमी हार्पर, २००७ साली, रोज साधारण १६ तास असं ८९ दिवस मोजत होता, सगळं इंटरनेटवर लाइव्ह, गिनीज बुकात नोंद आहे. मी हिशेब केला तर थांबणं-बिंबणं धरून एका आकड्याला सरासरी पाच सेकंद पडतात. ऑस्ट्रेलियात लेस स्ट्युअर्ट नावाच्या गृहस्थाने एक ते दहा लाख आकडे अक्षरी टाइप केले, १९८२ ते १९९८, कागद लागले जवळपास वीस हजार.

पण माझा आवडता माणूस वेगळा आहे. रोमान ओपाल्का, पोलंडचा चित्रकार. १९६५ साली वॉर्सात त्याने काळ्या कॅनव्हासच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात १ लिहिला, मग २, मग ३, आणि पुढे मरेपर्यंत दुसरं काही रंगवलं म्हणून नाही. कॅनव्हास भरला की नवीन घ्यायचा आणि पुढचा आकडा. १९७२ पासून प्रत्येक नवीन कॅनव्हासची पार्श्वभूमी एक टक्क्याने पांढरी करत गेला, म्हणजे हळूहळू पांढऱ्यावर पांढरं. लिहिताना आकडा तोंडाने म्हणायचा, ते टेपवर घ्यायचा, आणि दिवसाचं काम झालं की त्याच कॅनव्हाससमोर स्वतःचा फोटो काढायचा. फोटो ओळीने लावले तर केस पण कॅनव्हासबरोबर पांढरे होत जाताना दिसतात. २०११ मध्ये वारला तेव्हा शेवटचा आकडा होता ५६,०७,२४९. सेहेचाळीस वर्षांत छप्पन्न लाख, म्हणजे दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास. आमच्या कॅशमध्ये पहिल्या अर्ध्या तासात होणारं काम. पण तो नोटा मोजत नव्हता, दिवस मोजत होता.

आणि झोप वगैरे न घेता सेकंदाला एक मोजलं तर?

लाख व्हायला जवळपास २८ तास. कोटीला ११६ दिवस. अब्जाला ३२ वर्षं. ऐंशी वर्षांचं आयुष्य असेल आणि जन्मल्या जन्मल्या सुरू केलं तर २५२ कोटी, म्हणजे अडीच अब्जावर राम म्हणायचा.

भास्कराचार्यांनी लीलावतीत आकड्यांची नावं दिली आहेत, एक, दश, शत करत करत शेवट परार्ध, एकावर सतरा शून्यं. आता विश्वाचं वय धरतात १३.८ अब्ज वर्षं, त्याचे सेकंद केले तर होतात सुमारे चार परार्ध आणि वर थोडे. म्हणजे महास्फोटाच्या क्षणापासून कोणी सेकंदाला एक असं न चुकता मोजत बसला असता तरी लीलावतीच्या यादीतल्या शेवटच्या शब्दावरच घुटमळत असता. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दोनदा हिशेब तपासला.

मराठीत मोजायला जास्त वेळ लागतो का?

मोठ्या आकड्यांना कुठल्याही भाषेत वेळ लागतो. "सत्त्याऐंशी लाख चौसष्ट हजार नऊशे त्रेपन्न" एका सेकंदात म्हणून दाखवा, मी चहा पाजतो. मराठीची अडचण वेगळी, आपले शंभरपर्यंतचे आकडे जवळपास सुटे सुटे पाठ करावे लागतात, त्रेसष्ट लिहिताना साठ आधी आणि म्हणताना तीन आधी, वर एकोणतीस, एकोणचाळीस ही उलटी वजाबाकी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "साठ तीन" पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेत विनोद झाले. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, त्या शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना आकडा समजावा म्हणून हे आहे, जुनी नावं काढलेली नाहीत. मला स्वतःला त्रेसष्टच गोड वाटतं, पण नातवाला शिकवताना त्यांचं म्हणणं पटलं. कारण त्रेसष्ट पाठ होतं, साठ तीन समजतं. हा पाठ आणि समज यातला फरक पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

मग कॉम्प्युटरला लावून देऊ की. तो थकत नाही.

थकत नाही पण भरतो. साध्या ६४ बिटच्या, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ६४ जागांच्या खणात मावणारा सगळ्यात मोठा आकडा वीस आकडी आहे, सेकंदाला शंभर कोटी वेगाने मोजलं तरी तिथे पोचायला सुमारे ५८४ वर्षं लागतात, आणि पोचल्यावर पुढे काय, तर परत शून्य. जुन्या स्कूटरचं मीटर कसं ९९,९९९ नंतर सगळी शून्यं दाखवायचं, तसंच. वजा आकड्यांसाठीही जागा ठेवणारा ३२ बिटचा खण तर २१४ कोटीच्या थोडं पुढे संपतो, २०१४ साली यूट्यूबला एका कोरियन गाण्यापायी आपला काउंटर मोठा करावा लागला होता.

त्याहून मजेशीर प्रकार दशांश चिन्हवाल्या आकड्यांत होतो. ब्राउझरमध्ये जी भाषा चालते त्या जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ या आकड्यात एक मिळवा. उत्तर येतं ९००७१९९२५४७४०९९२. परत मिळवा, परत तेच. मशीन इमानदारीत एक मिळवत राहतं आणि जागचं हलत नाही, आणि त्याला काही वाटतही नाही. खण वाढवत नेता येतो हे खरं, पण कितीही मोठा केला तरी तो खणच.

वेग वाढवत नेला तर? पहिला आकडा अर्ध्या सेकंदात, दुसरा पाव, तिसरा त्याच्या निम्म्यात…

वा, हे डोकं लावलंय. कागदावर हे बरोबर आहे, अर्धा अधिक पाव अधिक एक अष्टमांश असं करत बेरीज बरोबर एक सेकंदात बसते, म्हणजे एका सेकंदात सगळे आकडे खलास. तत्त्वज्ञ यावर भांडत आलेत. १९५४ मध्ये थॉमसन नावाच्या माणसाने विचारलं, याच वेगाने दिव्याचं बटण चालू-बंद केलं तर शेवटी दिवा चालू असेल की बंद? उत्तरच नाही, कारण शेवटची खटकीच नाही. तसंच इथे, सेकंद संपल्यावर तुम्हाला विचारलं की शेवटचा आकडा कुठला म्हणालास, तर काय सांगाल?

आणि प्रत्यक्षात गाडी फार लवकर अडते. १४४ व्या आकड्याला मिळणारा वेळ हा प्लँक वेळेपेक्षा कमी होतो, आणि त्याच्या आत "आधी-नंतर" याला काही अर्थ उरतो का, हे आजच्या भौतिकशास्त्राला सांगता येत नाही. म्हणजे एवढा सगळा आटापिटा करून बारा बारे एकशे चव्वेचाळीस.

गणितवाले "मोजण्याजोगा अनंत" म्हणतात. मग तुम्ही नाही कसं म्हणता?

शब्दाचा घोटाळा आहे. गणितात गणनीय म्हणजे मोजून संपवता येईल असं नाही, तर रांगेत उभं करता येईल असं. प्रत्येकाला एक नंबर देता आला, कोणी सुटला नाही, की तो संच गणनीय. सम संख्या, अपूर्णांक, हे सगळे असे उभे राहतात.

पण ० आणि १ च्या मधले सगळे दशांश उभे राहत नाहीत, हे जर्मनीतल्या जॉर्ज कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केलं आणि १८९१ मध्ये फारच सुंदर पद्धतीने परत केलं. समजा तुम्ही म्हणालात माझ्याकडे सगळ्या दशांशांचा हजेरीपट आहे, एकही गैरहजर नाही. मी काय करतो, पहिल्याचा पहिला आकडा बघतो आणि वेगळा लिहितो, दुसऱ्याचा दुसरा बघतो आणि वेगळा लिहितो, तिसऱ्याचा तिसरा, असं तिरकं खाली. जो दशांश तयार झाला तो पटावर कुठेच नाही, कारण प्रत्येकाशी त्याचा निदान एका जागी तरी फरक आहे. झालं, पट अपुरा. (९ आणि ० वापरायचं टाळायचं, नाहीतर एक बारीक वाट सुटते.) म्हणजे अश्वत्थामा निदान प्रत्येक आकड्यापर्यंत कधी ना कधी पोचत तरी होता, इथे तेही नाही, कशीही रांग लावा, कोणीतरी सुटणारच.

कँटरला त्या काळी क्रोनेकरसारख्या मोठ्या गणितीने खूप छळलं. आज हे सगळं कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतं आणि पोरं झोपतात.

१+२+३+… बरोबर −१/१२ असतं ना? म्हणजे कोणीतरी शेवटापर्यंत पोचलंच की.

नाही. रामानुजननी १९१३ मध्ये इंग्रज गणिती हार्डींना हे लिहिलं होतं हे खरं, पण तिथे "बेरीज" या शब्दाचा अर्थ वेगळा लावलेला आहे. किराणा दुकानात हा अर्थ लावू नका. पुढचा प्रश्न.

आपल्याकडे याचा विचार झाला होता का?

झाला होता, आणि उगाच छाती फुगवायची गरज नाही कारण मूळ गोष्टच पुरेशी भारी आहे. जैनांच्या अनुयोगद्वारसूत्रात संख्यांचे तीन वर्ग केलेत, संख्यात, असंख्यात आणि अनंत. म्हणजे जे मोजता येतं ते, जे मोजण्यापलीकडे गेलं ते, आणि जे अनंत आहे ते. "खूप मोठं" आणि "अनंत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी स्वच्छ धरलं होतं, आज व्हॉट्सअॅपवर लोकांना धरता येत नाही. त्यांचा शीर्षप्रहेलिका नावाचा आकडा ८४ लाखाचा २८ वा घात आहे, लिहायला १९४ जागा लागतात, आणि तरीही तो संख्यातच.

भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलंय, आणि सांगितलंय की त्यात कितीही घाला, कितीही काढा, फरक पडत नाही, जसा सृष्टी-प्रलयात एवढे जीव येतात-जातात तरी अच्युताला फरक पडत नाही. आजचं गणित शून्याने भागू देत नाही, तेव्हा याला डोळे मिटून बरोबर म्हणता येणार नाही. पण अश्वत्थाम्याची उरलेली रांग आठवा, एकानेही कमी न होणारी. नजर तीच. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा. आम्ही ऐन पावसाळ्यात गेलो होतो, धबधबा बघणाऱ्यांची ही गर्दी, शिलालेखापाशी आम्ही दोघं नवरा-बायको आणि एक कुत्रं.

या सगळ्यात जाणीव, कॉन्शसनेस वगैरे कुठून आलं? मोजायला जाणीव लागते का?

मोजायला? अजिबात नाही. व्हीनस फ्लायट्रॅप नावाचं कीटक खाणारं झाड आहे, अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या पाणथळीतलं. त्याच्या पानावरच्या केसाला एकदा धक्का लागला तर ते काही करत नाही, वीसेक सेकंदांत दुसरा लागला की पान मिटतं, आणि आत धडपड होऊन पाचाच्या आसपास धक्के झाले की मगच पचवायचा रस सोडायला लागतं. झाड आहे हो ते, मेंदू नाही, पण पाचापर्यंत हिशेब ठेवतं. सहारातल्या वाळवंटी मुंग्या घरी परतताना पावलांचा हिशेब ठेवतात. २००६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी त्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या चिकटवून पाय लांब केले तर त्या वारुळाच्या पुढे निघून गेल्या, पावलं तेवढीच पण पाऊल मोठं.

आणि माझंच सांगतो. शंभर नोटांचं पॅकेट मोजताना पहिल्या वर्षी मी मनात एक-दोन-तीन म्हणायचो. दहा वर्षांनंतर अंगठाच मोजायचा, मी समोरच्याशी मुलीच्या लग्नाचं बोलायचो आणि नव्व्याण्णव आल्या की अंगठा थबकायचा. तिथे मोजणारा मी होतो असं मला छातीठोक म्हणता येणार नाही. नंतर मशीन आलं, त्याला तर लग्नाचंही बोलावं लागत नाही.

मग जाणिवेचं काम काय?

माझं मत असं की जाणीव तुम्हाला पुढच्या आकड्यावर नेत नाही, ती "पुढे अजून एक आहेच" हे दाखवते. या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लहान मूल बघा. अडीच-तीन वर्षांचं पोर एक ते दहा धडाधड म्हणतं, पाहुण्यांसमोर म्हणायला लावतात ना, पण त्याला म्हणा मला चार गोट्या दे, तर मूठभर देतं. ते आकडे नाहीत, बडबडगीत आहे. पुढे साधारण चार वर्षांच्या आसपास एकदम उजेड पडतो की शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे "एवढे". आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी अजून एक उजेड. माझा नातू सहा वर्षांचा असताना रोज सगळ्यात मोठा आकडा शोधायचा. एक दिवस म्हणाला, आबा, दहा कोटी कोटी कोटी. मी म्हटलं, अधिक एक. चिडला. दुसरा सांगितला, मी म्हटलं अधिक एक. असं चार-पाचदा झाल्यावर तो जेवता जेवता थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही नेहमीच जिंकणार. बास. त्या क्षणी त्याला अनंत कळला होता, आणि त्याने शंभराच्या पुढे धड मोजलेलंही नव्हतं.

जावास्क्रिप्टचं मशीन आठवा, लाखो वेळा एक मिळवूनही त्याला हे कळत नाही. मोजून मोजून अनंत कळत नाही, नियम दिसला की कळतो.

मराठीने इथे एक गंमत करून ठेवलीय. लक्ष म्हणजे शंभर हजार आणि लक्ष म्हणजे ध्यान. शब्द एकच. पहिलं लक्ष गाठायला दुसरं लागतं आणि दुसरं फार लवकर संपतं.

भाषा नसेल तर मोजता येतं का?

ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलात पिराहा नावाचे लोक आहेत, त्यांच्या भाषेत नेमक्या आकड्यांसाठी शब्दच नाहीत, आहेत ते थोडं आणि फार अशा अर्थाचे. समोर वस्तू मांडल्या तर ते तेवढ्याच वस्तू बरोबर जुळवून मांडतात, पण वस्तू झाकल्या की चुकायला लागतात. म्हणजे आकड्याचा शब्द हा डोक्यात वस्तू धरून ठेवायचा चिमटा आहे. जाणीव त्यांना तुमच्याआमच्याइतकीच आहे, चिमटा नाही. त्यामुळे "जाणीव आहे म्हणजे आकडे आलेच" असंही म्हणता येत नाही.

ऑपरेशनच्या वेळी आकडे मोजायला लावतात. जाणीव गेली की मोजणी थांबते, मग जाणीवच मोजते ना?

हा अनुभव मी घेतलाय म्हणून जरा सविस्तर. हर्नियाचं ऑपरेशन होतं. भुलीच्या डॉक्टर म्हणाल्या, काका, शंभरपासून उलटे म्हणा. मी कॅशियरच्या तोऱ्यात सुरू केलं, शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. पुढचं मला थेट वॉर्डातला पंखा आठवतो. औषध हातातून मेंदूत पोचायला रक्ताला जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढ्यातच माणसाची शुद्ध जाते.

संध्याकाळी डॉक्टर बघायला आल्या तेव्हा मी विचारलं कितीपर्यंत गेलो होतो. त्या म्हणाल्या, चौऱ्याण्णव.

म्हणजे शहाण्णव, पंचाण्णव, चौऱ्याण्णव हे तीन आकडे माझ्या तोंडाने बरोबर ओळीत म्हटले आणि माझ्याकडे त्यांची नोंदच नाही. आधी दिलेल्या औषधाने आठवण पुसली जाते हे त्यांनी समजावलं. पण मला अजून कोडं आहे, की त्या तीन आकड्यांच्या वेळी मी जागा होतो आणि नंतर विसरलो, की अंगठ्यासारखी जीभच एकटी मोजत होती? बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार, आणि आतून बघणारा मी, माझ्याकडे पानच कोरं. जाणिवेचा प्रश्न अवघड आहे असं तत्त्वज्ञ म्हणतात तेव्हा मला ते तीन आकडे आठवतात.

जप करताना काय होतं? लाखो जप करणारे अनंताच्या जवळ जातात का?

आकड्याच्या बाजूने, नाही. तेरा कोटी जप समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला केला असं परंपरा सांगते, आणि तेरा कोटी हाही अनंतापासून एकाइतकाच लांब आहे. पण माझी आजी माळ ओढायची ते बघताना मला कळलं की माळेचं काम उलटं आहे. मोजायचं काम बोटांवर ढकलायचं म्हणजे मन मोकळं. १०८ मणी झाले की मेरुमणी लागतो, तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलटं यायचं. म्हणजे रांग पुढे नेण्याचा आग्रहच नाही, गोल गोल. समाधीत अनंत कळतो की नाही ते ज्याचं त्याला माहीत, पण तिथे कोणी आकडे म्हणत नसणार एवढं नक्की. "पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं" हा शांतिपाठ लोक मला गणित म्हणून ऐकवतात. कँटरशी जुळल्यासारखं दिसतं हे खरं, पण तो सिद्धांत म्हणून लिहिलेला नाही, आणि तसा ओढूनताणून केला तर दोघांचंही नुकसान.

एका माणसाला जमत नसेल तर पिढ्यानपिढ्या मोजलं तर?

अखंड हरिनाम सप्ताहासारखं. तिथे वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. तसं बापाने मरताना पोराला आकडा सांगायचा. चालेल, पण मग मोजलं कोणी? कुणाच्याच जाणिवेत सगळी मोजणी नाही, प्रत्येकाकडे आपापला तुकडा आणि वर एका चिठ्ठीवर आकडा. आणि खरं सांगायचं तर एकट्या माणसाचंही तसंच आहे. ओपाल्काला चाळीस लाखाव्या आकड्याला पहिले चाळीस लाख थोडेच आठवत होते, त्याला आदला आकडा माहीत होता आणि नियम माहीत होता. तेवढंच लागतं.

आकडे आधीपासून आहेत की आपण मोजतो म्हणून होतात?

डच गणिती ब्राउवर म्हणायचा की आकडे मनातच घडतात. एक क्षण जातो, दुसरा येतो, गेलेला लक्षात राहतो, बस, तिथून दोन आला आणि दोनातून बाकी सगळं. १९०७ च्या त्याच्या प्रबंधापासून हा सूर आहे. त्याच्या मते पूर्ण झालेला अनंत असा नाहीच, फक्त चालू असलेला. कँटरच्या मते सगळा अनंत समोर हजर आहे, तुम्ही बघा की न बघा. शाळेत आपण "अनंत संच" असं लिहून महिरपी कंसात तीन टिंबं देतो ना, त्या तीन टिंबांवर ही सगळी मारामारी आहे. मी कामाच्या दिवशी कँटरवाला आणि रात्री झोप लागत नसली की ब्राउवरवाला.

मेंदू अनंत समजू शकतो, मशीन नाही, म्हणजे मेंदू मशीन नाहीच, असं म्हणता येईल?

भौतिकशास्त्रज्ञ पेनरोजसारखे मोठे लोक गणिती गोडेलच्या १९३१ च्या सिद्धांतावरून (गणिताच्या नियमांची पुरेशी मोठी, सुसंगत चौकट घेतली तरी त्यात खरी पण सिद्ध न होणारी विधानं उरतातच) साधारण या दिशेने बोलतात, आणि त्यांच्याशी न पटणारे लोकही तेवढेच मोठे आहेत. मला ही उडी लांब वाटते. आपण अनंत "समजतो" म्हणजे काय करतो, तर "अधिक एक" हा छोटासा नियम समजतो. तो नियम दोन ओळींत मशीनलाही लिहून देता येतो, आणि नियमावरून सिद्धता करायलाही शिकवता येतं. मशीनला नातवासारखं जेवता जेवता थांबायला होतं का, हा खरा प्रश्न, आणि तो गोडेलने सुटत नाही.

तुम्ही स्वतः कुठपर्यंत मोजलंय?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. मी आणि माझा मामेभाऊ, वय दहा-अकरा, मे महिना, मामाच्या गच्चीवर झोपायचो. ठरवलं की चांदण्या नाही, नुसतेच आकडे, जिथवर जातील तिथवर. एक शंभरी त्याची, एक माझी. पहिला आकडा "लाभ" म्हणायचा, मामा धान्य मोजताना म्हणायचे तसा. झोप आली की कठड्याच्या आतल्या बाजूला खडूने आकडा लिहायचा आणि दुसऱ्या रात्री तिथून पुढे. तीन रात्री चाललं. चौथ्या दुपारी वळीव आला, गाद्या उचलायला वर धावलो तोवर कठडा धुऊन गेलेला. मी म्हणतो ६,४१२ होते, तो म्हणतो ६,४२१. तो आता सत्तरीला आलाय, परवा फोनवर परत तेच म्हणाला.